एअरबॅग केव्हा उघडत नाही?

सुरत शहराच्या पूर्व भागात पर्वत पाटिया नावाचा नाका आहे. गुजरातेत हमरस्त्यावरून गावाकडे वळण्याच्या जागी गावाच्या नावाची पाटी असते; तिला पाटिया म्हणतात, आणि कालांतराने ती जागाच त्या नावाने ओळखली जाऊ लागते. पर्वत गावची ही पाटी आता वाढत्या शहराच्या पोटात गेली आहे. येथून निघालेला रस्ता कडोदऱ्याजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला भेटतो, आणि तसेच पुढे गेल्यास बारडोली, व्यारा, सोनगड ही गावे मागे टाकून नवापूरला महाराष्ट्राची हद्द लागते. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेली खानदेशी कुटुंबे आखाजीला आणि लग्नसराईला याच दिशेने गावी जातात. पूर्वी हा प्रवास एसटीने किंवा ताप्ती मार्गावरील आगगाडीने होई. आता अनेकांच्या दाराशी स्वतःची मोटार, पुष्कळदा सेकंडहँड घेतलेली, उभी असते.

मोटार घेताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : एअरबॅगा किती आहेत? आकडा ऐकला की घरच्यांचे समाधान होते. दुसरा प्रश्न मात्र अपघात घडून गेल्यावरच विचारला जातो : गाडीचा पुढचा भाग चुरा झाला, मग एअरबॅग उघडली का नाही? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असणे अवश्य आहे. ते ठाऊक नसल्यामुळे सदोष गाडीचा मालक नशिबाला बोल लावून गप्प बसतो; आणि एअरबॅगेवर नको तितका विसंबलेला मनुष्य पट्टा न बांधता प्राणास मुकतो.

या साधनाचा जन्म एका पित्याच्या धास्तीतून झाला. जॉन हेट्रिक हा अमेरिकन अभियंता १९५२ साली पत्नी व मुलीसह मोटारीतून जात असता, रस्त्यात आलेला अडथळा चुकविताना गाडी खड्ड्यात गेली. त्या क्षणी पतिपत्नी दोघांनीही मुलीला सावरण्यासाठी हात पुढे केले. हातांचे हे काम एखाद्या वस्तूने का करू नये, या विचारातून त्याने हवेच्या उशीची कल्पना मांडली व १९५३ साली तिचे पेटंट मिळविले. कल्पना सोपी होती. पण धडक ओळखायची कोणी, हा प्रश्न अवघड होता. १९६७ च्या सुमारास ॲलन ब्रीड याने धडक ओळखणारा सेन्सर तयार केला, तेव्हा कुठे ती व्यवहारात उतरण्याची वाट मोकळी झाली.

आजच्या मोटारीत हे सेन्सर सतत एकच गोष्ट मोजत असतात : गाडीचा वेग किती झपाट्याने घटतो आहे. धडक बसताच एक नियंत्रक पेटी सेकंदाच्या शंभराव्या भागापासून फार तर काही शतांशांत निर्णय घेते. निर्णय होकारार्थी झाला की रासायनिक द्रव्य पेटून वायू निर्माण होतो आणि पापणी लवण्याच्या आत पिशवी फुगते. तिचा वेग ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत असू शकतो. म्हणजे ही उशी मऊ असली तरी तिचे येणे मऊ नसते. ती विनाकारण उघडली तर नाक, डोळे, मनगट यांना इजा होते. म्हणूनच केव्हा उघडायचे याबरोबर केव्हा उघडायचे नाही हेही तिला शिकविलेले असते.

पुढच्या एअरबॅगा सामान्यतः गाडी भक्कम भिंतीवर ताशी सोळा ते पंचवीस किलोमीटर वेगाने आदळावी, इतक्या तीव्रतेच्या समोरच्या धडकेस उघडतात. उभ्या असलेल्या तेवढ्याच वजनाच्या मोटारीला धडक बसली तर ती मोटारही मागे ढकलली जाते आणि आघाताचा वाटा उचलते; म्हणून तेथे जवळपास दुप्पट वेग असला तरच तेवढा आघात होतो. पुष्कळ गाड्यांत पट्टा बांधलेल्या मनुष्यासाठी ही मर्यादा थोडी वर ठेवलेली असते, कारण सौम्य धडकेत पट्टाच त्याला पुरेसा सावरतो. मागून बसलेल्या धक्क्यात किंवा बाजूने बसलेल्या तडाख्यात पुढच्या एअरबॅगा सहसा उघडत नाहीत; बाजूच्या तडाख्यासाठी निराळ्या पिशव्या असतात, आणि त्या प्रत्येक गाडीत नसतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोडतोड पाहून आघाताची तीव्रता ठरविता येत नाही. गाडीचा पुढचा भाग चेपला जावा अशीच त्याची रचना असते. तो जितका सावकाश चेपतो तितका आतल्या मनुष्याला बसणारा झटका कमी होतो. याहून घातक प्रकार उभ्या ट्रकखाली मोटार शिरण्याचा. ट्रकचा मागचा भाग उंच असल्यामुळे बंपर व त्यामागील मजबूत तुळया त्याखालून निघून जातात, आणि बॉनेट, काच व छप्पर यांवर आघात होतो. सेन्सरला अपेक्षित झटका वेळेवर मिळत नाही आणि एअरबॅग उघडत नाही, किंवा उशिरा उघडते. शिवाय प्रत्येक पिशवी एकदाच कामी येते. पहिल्या धडकेत ती उघडून सैल पडली की गाडी पुढे दुभाजकावर आदळली तरी ती पुन्हा फुगत नाही.

आता दोषाकडे वळू. किल्ली फिरविताच डॅशबोर्डवर एअरबॅगेचे चिन्ह उजळते व काही सेकंदांत मावळते. ते मावळलेच नाही, तर त्या व्यवस्थेत कोठेतरी बिघाड आहे. सुकाणूखालची तार तुटली असेल, जोडणीत पाणी शिरले असेल. कित्येक जण महिनोन्‌महिने हा दिवा पेटलेला ठेवून गाडी हाकतात. सेकंडहँड गाडीत धोका अधिक, कारण मागील अपघातात उघडलेल्या पिशवीच्या जागी नवी न बसविता केवळ झाकण लावलेले असू शकते. अशी गाडी घेताना अपघाताचा व विम्याचा इतिहास तपासावा, आणि जाणत्या कारागिराकडून यंत्राद्वारे ती व्यवस्था पडताळून घ्यावी. आसनाच्या कडेत एअरबॅग असेल तर त्यावर जाड सीटकव्हर चढवू नये. पुढे लोखंडी बुलगार्ड लावल्याने आघाताची वाट बदलते व सेन्सरची फसगत होऊ शकते; केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांविरुद्ध कारवाईचे आदेश राज्यांना दिले होते.

दोष कारखान्यातूनही येतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांतील किल्लीची कळ चालत्या गाडीत आपोआप सरके. इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगाही निकामी होत. २०१४ साली त्या कंपनीने अशा लक्षावधी गाड्या परत बोलाविल्या, आणि भरपाई निधीच्या चौकशीत या दोषापायी १२४ मृत्यू मान्य झाले.

मग ग्राहकाने न्याय कोठे मागावा? दिल्लीच्या एका गृहस्थाने ऑगस्ट २०१५ मध्ये मोटार घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर तिला अपघात झाला आणि पुढच्या एअरबॅगा उघडल्या नाहीत. आघात पुरेसा नव्हता, असे कंपनीचे म्हणणे होते. २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचा निकाल कायम केला : तीन लाख रुपये भरपाई आणि बदली गाडी. वेग व बल यांचे गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असणे ग्राहकाकडून अपेक्षित नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. यातून व्यवहाराचा धडा असा, की शंका असेल तर गाडी भंगारात देण्याची किंवा दुरुस्तीची घाई करू नये. छायाचित्रे घ्यावीत, पोलिसांत नोंद करावी. अनेक गाड्यांच्या नियंत्रक पेटीत धडकेच्या आधीच्या काही क्षणांची नोंद राहते, ती पुरावा ठरू शकते.

परंतु न्यायालय भरपाई देऊ शकते, प्राण देऊ शकत नाही. पर्वत पाटियाहून महामार्ग गाठून दक्षिणेस गेल्यावर उदवाडा, वापी, तलासरी यांच्यापुढे पालघर जिल्ह्यातील चारोटी येते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईस परतताना, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मृत्यू पावले. गाडी उंची होती, एअरबॅगा होत्या. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मृत्यू पावलेले दोघे मागच्या आसनावर होते, आणि त्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात आढळले. समोरच्या एअरबॅगा पुढच्या दोघांसाठीच असतात. मागच्यांसाठी समोर उघडणारी पिशवी बहुतेक गाड्यांत नसतेच. त्यांचा समोरचा आधार म्हणजे पट्टा.

मुलांची गोष्ट याहून नाजूक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा, अपघातात एअरबॅग उघडून तिच्याच आघाताने दगावला. तेथे एअरबॅग चुकली नव्हती. ती प्रौढाच्या मापाची होती आणि समोर बालक होते. म्हणून लहान मुलांना मागेच, त्यांच्या मापाच्या आसनात पट्ट्याने बांधून बसवावे. चालकानेही सुकाणूपासून छाती निदान पंचवीस सेंटिमीटर दूर ठेवावी.

सुकाणूवर एसआरएस ही तीन अक्षरे कोरलेली असतात. त्यांच्या अर्थात पहिलाच शब्द आहे ‘पूरक’. भारतात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठी ती सक्ती २०२१ मध्ये नव्याने येणाऱ्या मॉडेलांपासून लागू झाली. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत न उघडण्यासारखेही काही नसते. पट्टा मात्र त्या गाड्यांतही आहे. त्याला विजेची गरज नाही, तो एका अपघातात दोनदा आदळलेल्या गाडीतही धरून ठेवतो, आणि धडकेची तीव्रता मोजीत बसत नाही. आखाजीला गावी निघालेल्या कुटुंबाने पर्वत पाटिया ओलांडण्यापूर्वी मागच्या आसनावरील प्रत्येकाचा पट्टा लागल्याची खात्री करावी. एअरबॅग उघडेल की नाही, हे यंत्रावर आहे. पट्टा बांधणे तेवढे माणसाच्या हाती आहे.