संगणकाची हजेरी



संगणकाची कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत जे कांहीं क्षण जातात, त्यांत काय घडतें याचा विचार आपण क्वचितच करतों. वीज मिळतांच प्रोसेसर जागा होतो खरा. पण त्या वेळीं मेमरी कोरी असते आणि डिस्क वाचावी कशी हेंही त्यास ठाऊक नसतें. म्हणून त्याच्या पहिल्या आज्ञा, वीज गेली तरी पुसल्या न जाणाऱ्या चिपमध्यें लिहून ठेविलेल्या असतात. त्यांस फर्मवेअर म्हणतात.

पुढचें काम हजेरीचें. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्यें मेमरी किती, डिस्क ड्राइव्ह किती, हें मालकास आंतील बारीक खटके वरखालीं करून सांगावें लागे. पुढें १९९२ सालीं पीसीआय ही पद्धति आली आणि संगणक प्रत्येक खांचेस स्वतःच विचारूं लागला. तेथें कार्ड असेल, तर तें आपल्या कारखान्याचा व जातीचा क्रमांक सांगतें. खांच रिकामी असेल, तर उत्तराचे सारे अंक १ येतात. हजेरी आटोपली, कीं डिस्कवरील मुख्य प्रणालीच्या हातीं कारभार सोंपविला जातो.

हें लहानसें लिखाण नष्ट झालें तर? २६ एप्रिल १९९९ रोजीं सीआयएच नांवाच्या व्हायरसनें अनेक संगणकांतील तेंच पुसून टाकिलें. नवी डिस्क बसवूनही तीं यंत्रें सुरू होईनात; डिस्क वाचावयास शिकविणाराच उरला नव्हता! म्हणून फर्मवेअरची नवी आवृत्ति भरतांना मध्येंच वीज जाणार नाहीं, याची तजवीज आपण आधीं अवश्य करावी.