काळा कोट आणि जकात

माझा भाचा वकील झाला तेव्हा बहिणीने मोहल्ल्यात पेढे वाटले. दोन वर्षे झाली, कोर्टात जायचे बसभाडे अजून तीच देते. परवा मी त्याला म्हटले, "अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २०१५ पासून सनदेआधी ५० तास विनामोबदला सेवा सक्तीची आहे. आपल्याकडेही हवी."

तो हसला. "मामू, मी रोजच फुकट काम करतो. फक्त सीनियरचं!"

मी गप्प झालो. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, कोठडीतली माणसे यांना मोफत वकिलाचा हक्क दिला. तो हवाच. पण त्याचा भार सर्वांत रिकाम्या खिशावर का? जकातसुद्धा ज्याच्यापाशी ठरावीक शिल्लक आहे, त्याच्यावरच फर्ज असते. शहरातल्या ज्युनियरला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस भारतीय वकील परिषदेने २०२४ मध्ये केली. आधी ते हातात पडू द्या, मग त्याच्याकडे ५० तास मागा. सीनियरकडे मात्र आजच मागा.

गेल्या शनिवारी भाचा तुरुंगात जाऊन एका कच्च्या कैद्याचा जामीनअर्ज लिहून आला. फुकट. बसभाडे बहिणीने दिले.