राणोजी आरूंची अक्षरं



गवयांवर, चित्रकारांवर, नटांवर आपण पुष्कळ व्याख्यानं ऐकतो. आज मी अक्षरं कोरणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव राणोजी रावजी आरू. तुमच्या घरात कधी निर्णयसागर छापखान्याचं पंचांग भिंतीला टांगलेलं असेल, आजोबांच्या कपाटात निर्णयसागरी रघुवंश किंवा अमरकोश असेल, तर या माणसाची कला तुम्ही पाहिलेली आहे. तिथी पाहिली, श्लोक वाचला. ज्या अक्षरांतून वाचला ती कुणी घडवली, हे विचारायचं आपल्याला कधी सुचलं नाही.

थोडं मागे जाऊ. मराठीची सुटी अक्षरं पहिल्यांदा नावारूपाला आली ती बंगालमध्ये. हुगळीकाठच्या श्रीरामपुरात मिशनरी विल्यम कॅरीने 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं. तिथली अक्षरं घडवणारे हात होते पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांचे. दोघेही लोहारकीच्या परंपरेतले. त्याच 1805 साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. आपल्या मुद्रणाच्या उगमाशी असे धातूशी झुंजणारे कारागीर उभे आहेत. इतिहास लिहिताना आपण कॅरीसाहेबांवर पानंच्या पानं खर्च करतो आणि पंचाननला एक वाक्य देतो, हे मला मुळीच रास्त वाटत नाही.

मुंबईत हे काम रुजलं अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. टॉमस ग्रॅहमने तिथे देवनागरीचे नवे ठसे तयार केले. त्याच वातावरणात गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि छापील पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. आणि याच मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर एक पोरगा कामाला लागला. काम काय, तर खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, घासायचं. ओतून काढलेल्या खिळ्याला धातूचं कुसळ राहतं, ते दगडावर घासून साफ करायचं. तो मुलगा म्हणजे 1839 साली जन्मलेले जावजी दादाजी चौधरी. पुढे वेगवेगळ्या छापखान्यांत राबून त्यांनी 1864 मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. या दोन सालांचा क्रम ध्यानात घ्या. आधी अक्षर, मग पुस्तक. जावजींचं सगळं मोठेपण मला या क्रमात दिसतं.

आणि अक्षरासाठी त्यांना राणोजी भेटले.

आता हे काम कसं चालतं ते नीट सांगतो, कारण ते कळल्याशिवाय या माणसाची थोरवी कळणार नाही. पोलादाची एक बोटभर कांडी घ्यायची. तापवून, सावकाश निववून ती मऊ करायची. तिच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. बाहेरची कड कानशीने उतरवायची. आतली पोकळी, म्हणजे ‘व’च्या पोटातली जागा, वेगळ्या ठशाने ठोकून खोल करायची. मधूनमधून ते टोक दिव्याच्या ज्योतीवर धरून त्याला काजळी बसू द्यायची आणि कागदावर दाबून पाहायचं. केसाएवढं जास्त घासलं गेलं तर कांडी फुकट, कारण घासलेलं पोलाद परत जोडता येत नाही. अक्षर मनासारखं झालं की पोलादाला पाणी द्यायचं. मग ती कडक झालेली कांडी, म्हणजेच पंच, तांब्यावर ठोकायची, की खोलगट मातृका तयार. ती साच्यात बसवून शिसं, अँटिमनी आणि कथिल यांचा रस ओतायचा, की खिळा पडतो.

रोमन लिपीत हे सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांसाठी करायचं. देवनागरीत? व्यंजनं, स्वर, वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, आणि जोडाक्षरांची न संपणारी रांग. संस्कृतासाठी ‘र्त्स्न्य’सारखं अक्षरही जुळवावं लागतं. शिवाय प्रत्येक खिळ्याची शिरोरेषा शेजारच्याशी तंतोतंत भिडली पाहिजे, नाहीतर ओळ दातेरी दिसते. आणि हे सगळं एकाच आकारात करून भागत नाही. मूळ श्लोक मोठ्या ठशात, टीका त्याहून लहान, पाठभेद अगदी बारीक. प्रत्येक आकारासाठी पुन्हा पहिल्यापासून कोरायचं. बारीक ठशात अक्षर नुसतं लहान करून चालत नाही. त्याचं पोट जरा मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर शाई भरून ‘घ’ आणि ‘ध’ एकच दिसू लागतात. हा विवेक डोळ्यात असावा लागतो.

राणोजींकडे तो होता. निर्णयसागरचं जुनं पान पाहा: रेघ जाड असूनही डोळ्याला भारी वाटत नाही, बोरूच्या कलमाचा तिरपा कल पोलादातही शाबूत आहे. पोथी लिहिणाऱ्याचा हात त्यांनी यंत्राच्या स्वाधीन होऊ दिला नाही. 1881 साली निघालेलं विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक लहान मुलांनी या छापखान्याच्या अक्षरांत वाचलं. 1886 पासून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला निघू लागली आणि काशीपासून युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत संस्कृतचे अभ्यासक निर्णयसागरची प्रत मागू लागले. शुद्धतेचं श्रेय काशिनाथ पांडुरंग परबांसारख्या पंडितांचं, आणि ते त्यांना मिळालंच पाहिजे. पण जे पान दिवसभर वाचूनही डोळा शिणत नाही, ते पंडिताने घडवलेलं नसतं.

जावजी 1892 मध्ये गेले. मुखपृष्ठावर पुढे तुकाराम जावजींचं नाव आलं, मग पांडुरंग जावजींचं, आणि नंतर सत्यभामाबाई पांडुरंग यांचं. एका संस्कृत छापखान्याच्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून बाईचं नाव! त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. कवीचं नाव छापलं गेलं, टीकाकाराचं, संपादकाचं, मालकाचं छापलं गेलं. अक्षरं ज्याची, त्याचं नाव छापायची रीत नव्हती.

2015 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने मूर्ती ग्रंथमाला सुरू केली. भारतीय भाषांतले अभिजात ग्रंथ, डावीकडे मूळ आणि उजवीकडे इंग्रजी भाषांतर. तिच्यासाठी जॉन हडसन यांनी नवी देवनागरी अक्षरं संगणकावर आखली, निर्णयसागरची अक्षरं समोर ठेवून. त्या देवनागरी ग्रंथांत अक्षरांविषयी एक टीप आहे. तीत निर्णयसागर छापखान्याचा उल्लेख आहे, नावानिशी.