सागवानात साठलेला कार्बन



पुण्यात बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा आहे.
दुसऱ्या बाजीरावांनी तो १८०७ च्या सुमारास बांधला.
त्याचा नक्षीदार सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब जरूर पाहा.
सगळं लाकूडकाम! आणि त्या लाकडात कार्बन साठलेला आहे.

झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं.
त्यातला कार्बन लाकडात साठतो.
वाळलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचंच असतं.
लाकूड टिकलं, की तो कार्बनही तिथेच राहतो.
लाकूड जाळलं किंवा कुजलं, की तो पुन्हा हवेत जातो.

आणि सागवान टिकतं.
त्यात नैसर्गिक तेल असतं.
म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही.

आज पेठांमधले जुने वाडे पडताहेत.
जिवाला लागतं ते.
पण वाडा पडला, तरी त्याची तुळई संपलेली नसते.
सुतार आधी खिळे उपटतो.
मग रंधा मारतो.
काळपट थराखालून सोनेरी सागवान निघतं.
त्याचीच चौकट होते, दार होतं, टेबल होतं.
तेवढ्यासाठी नवं झाड तोडावं लागत नाही.

पुन्हा सांगते, लाकूड टिकलं, की कार्बनही तिथेच राहतो.
तुमचा वाडा उतरवायचा ठरला असेल,
तर खांब, तुळया, दारं सरपणात देऊ नका.
आधी जाणत्या सुताराला बोलावून दाखवा.