नाताळचे देणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही. भाकऱ्या थापताना जे मनात घोळले तेवढेच आज सांगणार आहे.

डिसेंबर उजाडला की आता आपल्या कर्जत-खालापूरकडच्या शाळांतूनही कापसाची दाढी लावलेला नाताळबाबा येतो. माझी त्याला मुळीच हरकत नाही. सण कोणाचाही असो, त्यातले चांगले ते घ्यावे. परंतु हा बाबा मूळचा कोण, हे मुलांना कोणी सांगत नाही. हल्लीच्या तुर्कस्तानात मायरा म्हणून गाव होते. तेथे चौथ्या शतकात निकोलस नावाचे ख्रिस्ती धर्मगुरू होऊन गेले. त्यांची गोष्ट अशी सांगतात की, एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती. (तेथेही हा जाच होताच म्हणायचा!) निकोलस रात्री गुपचूप गेले, खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली आणि परत फिरले. तिघींसाठी तीनदा. घेणाऱ्याला देणाऱ्याचे तोंड दिसू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली.

आपल्या साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, म्हणजे नेमका नाताळच्या आदल्या दिवशीचा. अंमळनेरच्या छात्रालयात मुले शाळेत गेली म्हणजे गुरुजी त्यांच्या अस्ताव्यस्त खोल्या मुकाट्याने आवरून ठेवीत, असे सांगतात. कोणी केले हे मुलांना पुढे कळले. दयेचे व्याख्यान देण्याची गरजच उरली नसेल.

आता आपल्याकडची हकीकत ऐका. शाळेचे नाव सांगत नाही. नाताळच्या कार्यक्रमात ‘गरीब विद्यार्थ्यांना स्वेटरवाटप’ होते. एकेकाचे नाव पुकारले, मुले वर गेली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. त्यात माझ्या धाकटीच्या वर्गातली वाडीवरची एक मुलगी होती. तिने स्वेटर घेतला, पण त्या थंडीत एकदाही अंगात घातला नाही. माझ्या मुलीने विचारले तर म्हणाली, “तो कुठला हाय ते सगळ्यांना ठावं हाय ना.” टाळ्या वाजविणाऱ्या मुलांनी त्या दिवशी काय शिकले? आपण देणारे आणि ती घेणारी, एवढेच.

माझे म्हणणे असे की, दया शिकवण्याआधी मुलाला आपण कोणाकोणाचे देणे लागतो ते शिकवावे. दिवाळी झाली की आपल्याकडची किती कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. माती मळायची, साच्यातून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या, डोक्यावरून वाहायच्या. मजुरी हजारावर. लहान पोरेसुद्धा विटा उलटत बसतात. त्याच विटांची घरे आपली, त्याच विटांच्या शाळा. म्हणजे ज्या वर्गात आमची मुले बाकावर बसतात त्याची भिंत रचायला ज्यांचे हात लागले, त्यांची मुले हजेरीपटावर असून वर्गात नाहीत. अन् नाताळात स्वेटर वाटायचे म्हटले तरी त्या वेळी ती भट्टीवर! ज्यांना थंडी सर्वांत जास्त त्यांच्यापर्यंत वाटप पोचतच नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरसाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे देह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वर यंत्रे जाईनात, म्हणून माणसांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. मदतीला निघालेले अग्निशमन दलाचे एक अधिकारी तो डोंगर चढतानाच वारले. ती सारी माणसे कोण, कुठली, हे आपल्या मुलांना आपण सांगितले का? कृतज्ञता म्हणजे प्रार्थनेनंतर हात जोडणे एवढेच नव्हे, नावगाव माहीत असणे हेही आहे.

माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गेले, तेही नाताळच्या सुट्टीचेच दिवस. त्यांचे क्रांतिकार्य सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याआधी सावकाराच्या पाशातून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या, ते मला अधिक मोठे वाटते. अडीनडीला धान्य न्यायचे, पीक आले की परत आणून घालायचे. त्यात कोणी भिकारी नाही, कोणी दाता नाही.

यंदा एका शाळेने आपल्या मंडळाकडे स्वेटर मागितले आहेत. द्यावेत, जरूर द्यावेत. परंतु माझी विनंती आहे की नावे पुकारू नयेत, फोटो काढू नयेत. वर्गातल्या सर्व मुलांना एकाच रंगाचे द्यावेत. पैसे कमी पडले तर आपण भिशीतून घालू. आणि कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी, दसरा-दिवाळीच्या दरम्यानच द्यावेत. मग नाताळच्या सुट्टीत आपली मुले घेऊन भट्टीवर जावे. वाटायला नव्हे, वर्गातल्या सोबत्यांना भेटायला, आणि वीट कशी पाडतात ते त्यांच्याकडून शिकायला. मालकाची परवानगी मी आणते, माझ्या मोठ्या दिरांची त्यांच्याशी ओळख आहे.

ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मुलांना जुने कपडे घालावेत, चिखलात बसायचे आहे. डबा थोडा जास्त आणावा, म्हणजे सर्वांना एकत्र बसून जेवता येईल.