नॉब सोडला की विझतो

तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: वरचे दोन्ही बर्नर छान पेटतात, ओव्हनही पेटतो, पण नॉबवरचा हात काढला की विझतो. नौका नांगरलेली, बाहेर पावसाची रिपरिप, पावाचं पीठ फुगून तयार, आणि नौकेचा मालक गुडघ्यांवर बसून ओव्हनच्या पोटात टॉर्च मारतोय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शिडाच्या नौकांवर हे दृश्य नवं नाही. पुढचंही ठरलेलं. मालक बर्नर उपसतो, जेट खरवडतो, महागडा सुटा भाग मागवतो. आठवड्याने कळतं की ओव्हन ठणठणीत होता. मालक ज्याला बिघाड समजत होता, तो पहारेकरी होता आणि आपलं काम करत होता.

हे पहारेकरी कशासाठी, हे कळायला नौकेचा आकार डोळ्यांसमोर आणावा. नौका म्हणजे एक मोठा वाडगा. घरात गॅसचा वास आला तर आपण दिव्याच्या बटणाला हात लावत नाही, दारं-खिडक्या उघडतो, आणि बराचसा गॅस उंबऱ्यावरून बाहेर जातो. नौकेला दार असतं ते वर, छपराकडे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, म्हणजे तो उतरणार खाली, पायाखालच्या फळ्यांच्याही खाली, जिथे झिरपलेलं पाणी साठतं तिथे. त्या तळाला खलाशी बिल्ज म्हणतात. बिल्जला मोरी नसते. असती तर नौका बुडाली असती.

हिशेब करून पाहा. एक किलो प्रोपेनची वाफ झाली की अर्ध्या घनमीटरहून थोडी जास्त जागा व्यापते. हवेत प्रोपेनचं प्रमाण साधारण २.१ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. म्हणजे एका किलोत सुमारे २५ घनमीटर हवा स्फोटक होऊ शकते, आणि मध्यम आकाराच्या नौकेची केबिन काही याहून फार मोठी नसते. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या २० पौंडी सिलिंडरमध्ये असा ९ किलो गॅस असतो.

म्हणून तिथले नौकाबांधणीचे निकष सिलिंडरला केबिनमध्ये येऊच देत नाहीत. त्याला डेकवर स्वतंत्र, हवाबंद खण मिळतो. त्या खणाला तळाशी भोक असतं आणि त्यातून गळका गॅस थेट समुद्रावर जातो. गॅस केबिनमध्ये शिरतो तो या खणातूनच, एकेक पहारा ओलांडत. ओव्हन बिघडला की तपास इथून सुरू करावा आणि गॅसच्या मागोमाग चालत जावं. उलटं जाणाऱ्याचा दिवस वाया जातो.

पहिला पहारा सिलिंडरच्या तोंडाशीच. काही जोडण्यांमध्ये गॅस एकदम जोरात सुटला तर वाट आवळून धरणारी योजना असते. नळी तुटली असावी, असं तिला वाटतं. घाईत सिलिंडरची चावी गर्रकन फिरवली की ती फसते आणि शेगडीवर काजव्याएवढी ज्योत येते. उपाय फुकटचा आहे: सगळं बंद करायचं, थोडं थांबायचं, चावी सावकाश उघडायची. पुढे रेग्युलेटर. उबदार दिवशी सिलिंडरच्या आत चौरस इंचाला सुमारे ११० पौंड दाब असतो; शेगडीला हवा असतो अर्ध्या पौंडाहूनही कमी, म्हणजे जेमतेम २८ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. सिलिंडर आडवा ठेवला तर वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये घुसतो. एकच बर्नर नीट जळतो आणि ओव्हन लावताच सगळे मलूल होतात, तेव्हा संशय रेग्युलेटरवर किंवा मुरडलेल्या नळीवर घ्यावा.

नळीचं एक वेगळंच आहे. नौका वाऱ्याने कलते तेव्हा आमटी पातेल्यातच राहावी म्हणून शेगडी आणि ओव्हन दोन खुंट्यांवर पाळण्यासारखे टांगलेले असतात. नौका कलते, शेगडी सपाट राहते, आणि मागची लवचिक नळी दिवसातून हजारदा वाकते. बंदरात गुणी बाळासारखा वागणारा ओव्हन शीड चढवल्यावर, आणि तेही एकाच बाजूला कलल्यावर विझत असेल, तर ओव्हन मागे ढकलून नळी कुठे चेमटते ते आधी पाहावं.

सिलिंडरच्या खणात आणखी एक पहारेकरी असतो, सोलेनॉइड व्हॉल्व. वीज मिळाली तर उघडतो, वीज गेली की आपोआप मिटतो. त्याचं बटण शेगडीजवळ असतं. दाबलं की खणातून 'टक्' ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर ओव्हनला हात लावण्याचं कारणच नाही. खारी हवा तांब्याच्या तारेला हिरवा गंज चढवते, बॅटरी उतरलेली असते, अर्थिंगचा स्क्रू ढिला असतो. मल्टिमीटर घेऊन व्हॉल्वच्या दोन तारांवर व्होल्ट मोजले की पाच मिनिटांत निकाल लागतो.

आता ओव्हन. नॉब सोडला की विझण्याचा बहुतेक वेळा कर्ता असतो थर्मोकपल नावाची पेन्सिलच्या शिशाएवढी काडी. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज वाहते, हे थॉमस सीबेकच्या १८२१ च्या प्रयोगांपासून माहीत आहे. ओव्हनमध्ये ज्योत या काडीचं टोक तापवते आणि जी वीज तयार होते ती असते २०-३० मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळाच्या सेलच्या पन्नासाव्या भागाएवढी. एवढ्याशा विजेवर एक चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. गंमत अशी की झडप ओढून घेण्याइतका जोर त्याच्यात नसतो, धरून ठेवण्याइतकाच असतो. ओढण्याचं काम माणसाच्या अंगठ्याने करायचं. म्हणून नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा लागतो. ज्योत गेली, टोक थंड झालं की चुंबक हात सोडतो आणि गॅस बंद. लाटेच्या धक्क्याने ओव्हन विझला तर रात्रभर बिल्ज भरत राहू नये, एवढ्यासाठी ही सगळी कारागिरी.

अर्थात २५ मिलिव्होल्ट अडवायला डोंगर लागत नाही. टोकावरची काजळी, सांध्यावरचा गंजाचा पापुद्रा, अर्धा आटा सैल झालेलं नट, एवढ्याने काम भागतं. टोक ज्योतीच्या बाहेर सरकलं असेल तर नवी काडी लावूनही ओव्हन विझणारच. शहाणा मनुष्य आधी टोक पुसतो, ते निळ्या ज्योतीत बुडतंय का पाहतो, नट बोटांनी घट्ट करून वर पान्याचा हलका पाव फेरा देतो. तरीही जमलं नाही आणि तारेची लांबी पुरत असली, तर वरच्या चालू बर्नरची काडी तात्पुरती ओव्हनच्या झडपेला जोडून तिचं टोक ओव्हनच्या ज्योतीत धरतो. ओव्हन टिकला तर काडी मेली. नाही टिकला तर चुंबक. खर्च करण्याआधी एवढं कळलं तर बरं. नट सोडलं, जोडलं की साबणाच्या पाण्याचा फेस लावून गळती पाहणं मात्र चुकवू नये.

दार लावताच ओव्हन विझत असेल, तर प्रश्न हवेचा. तळाला पसरलेला ॲल्युमिनियमचा कागद हवेच्या झिरीच झाकून टाकतो. स्वच्छतेच्या हौसेने होणारा हा बिघाड.

जेटची गोष्ट मराठी श्रोत्यांना वेगळी सांगायला नको. फ्रान्स लिंडक्विस्टचा प्रायमस १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघाला आणि आपल्या स्वयंपाकघरांइतकाच तो शिडाच्या नौकांवरही नांदला. स्टोव्ह भकभकला की पिन मारायची, हे आज साठीपुढच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गॅसच्या ओव्हनला मात्र ती सवय महाग पडते. पितळी जेटचं भोक पिनेने मोठं झालं की गॅस जास्त, हवा अपुरी, ज्योत पिवळी आणि भांड्याचं बूड काळं. फुंकर मारावी, स्पिरिटमध्ये बुडवावं. नाहीच तर नवा जेट घ्यावा. बंद पडलेल्या नौकेत जेटच्या तोंडाशी कोळ्याचं जाळंही सापडतं. हसू नका. २०११ मध्ये मझदा कंपनीने अमेरिकेत ५०,००० हून अधिक मोटारी परत बोलावल्या, त्या इंधन टाकीच्या हवेच्या नळीत कोळी जाळी विणत होते म्हणून.

पिवळ्या ज्योतीचं आणखी एक कारण किनाऱ्यावरून येतं. अमेरिकेत शेगडी प्रोपेनसाठी बनते. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतं. परदेशी नौका भारतीय बंदरात आली की आधी सिलिंडरचं तोंड जुळत नाही आणि जुळवून घेतलंच तर ज्योतीचा रंग बदलतो, कारण ब्यूटेनच्या तेवढ्याच वायूला जास्त हवा लागते.

विझणाऱ्या ओव्हनची माणसं तक्रार करतात. पिवळ्या ज्योतीने जळणाऱ्याची कुणी करत नाही. खरी काळजी दुसऱ्याची करावी. अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. १५ जानेवारी २०१४ ला इंग्लंडमधल्या व्हिटबी बंदरात 'एश्कॉल' या मासेमारी बोटीवर दोन खलाशी झोपेत गेले. थंडी होती, ऊब यावी म्हणून त्यांनी गॅसच्या कुकरचा ग्रिल चालू ठेवला होता. बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता.

गळती तपासायची पद्धत सोपी आहे. सगळे नॉब बंद, सोलेनॉइड चालू, सिलिंडर उघडायचा, खणातल्या गेजवरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सिलिंडर पुन्हा बंद करायचा. निदान तीन मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. हलला तर त्या दिवशी थंड जेवायचं.

इथे बसलेल्यांपैकी फारच थोड्यांकडे शिडाची नौका असेल. शेगडी सगळ्यांकडे आहे. आज घरी गेल्यावर तिच्यामागची नारिंगी नळी ओढून तिच्यावरची तारीख वाचा. बसवून पाच वर्षं झाली असतील तर उद्या सकाळी एजन्सीला फोन करून ती बदलून घ्या.