साधे अक्षर, सजवलेले अक्षर
(सिल्वासा येथे लेखक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वापीहून येताना आधी दादरा लागते, मग सिल्वासा. वाटेतल्या पाट्या गुजराती, देवनागरी, रोमन अशा तीन लिप्यांत. त्यामुळे एकच ई-मेल अनेकांना पाठवताना तो साध्या मजकुरात असावा की ठळक अक्षरे, रंग, फॉन्ट लावून, हा प्रश्न इथे नुसत्या हौसेचा नाही.

इंग्रजीला ही निवड पहिल्यापासून होती, आपल्याला नव्हती. नव्वदच्या दशकातले मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत: काना एका जागी, वेलांटी दुसऱ्या. फॉन्टचे नाव पुसले की खाली रोमन अक्षरांची खिचडी उरे. सजावट गेली की भाषाच जाई. एका अंकाचे संपादन करताना एका विद्यार्थिनीची कथा माझ्याकडे अशीच आली. तिचा फॉन्ट आमच्याकडे नव्हता. पुन्हा पाठवा म्हणून कळवले, तोवर तिचा संगणक बिघडला होता. ती कथा मी आजवर वाचलेली नाही.

युनिकोडने हे बदलले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. म्हणून आज माझा कौल साध्या मजकुराला. शिवाय मराठीत जोर अक्षराच्या जाडीतून येत नाही. 'मीच गेलो', 'मी गेलोच', 'मीही गेलो' यांत ठळक काय करणार? तिरपे अक्षर तर रोमन छपाईकडून उसने घेतलेले.

पण साधे म्हणजे निष्काळजी नव्हे. 'आचार्याला' म्हणजे गुरूला, 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला. 'ऱ्य' उमटवायला काही जण र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. ते चिन्ह वाटेत गळले की स्वयंपाक्याचा गुरू होतो! त्याऐवजी खाली टिंब असलेला 'ऱ' वापरावा.

कवितेचे मात्र वेगळे. काही प्रणाली सत्तर-ऐंशी अक्षरांवर ओळ मोडतात आणि वाचणारा एका ओळीच्या दोन मोजतो. कविता सोबत पीडीएफमध्येही जोडा. वारली, कोकणा, धोडिया बोलींच्या शब्दयाद्यांचेही तसेच. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे मोकळ्या जागा सोडून आखलेले रकाने पलीकडे हमखास विस्कटतात. तिथे तक्ताच हवा.

राहिली शिक्षकांची लाल शाई. एकाच ई-मेलमध्ये साधे आणि सजवलेले अशी दोन्ही रूपे पाठवण्याची सोय १९९२ पासून आहे, पण त्यातले साधे रूप पाठवणारा सहसा उघडून बघत नाही. त्यात लाल रंग नसतो. चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी, एकाच काळ्या रंगात दिसतात, आणि विद्यार्थी दोन्ही उतरवून घेतो. त्यापेक्षा सरळ लिहा: तिसऱ्या ओळीत 'दर्या' नको, 'दऱ्या' हवे, कवी डोंगराबद्दल बोलतो आहे, समुद्राबद्दल नाही.